चौथा रकाना

हशा बायकांच्या बाजूनं उठला आणि रघुवीरच्या हातातली झांज एका मात्रेनं चुकली. बुवांनी मागं वळून पाहिलं नाही, पण त्यांच्या खांद्यावरचं उपरणं बारीकसं थरथरलं ते त्याला दिसलं. बारा वर्षं तो रामनवमीच्या कीर्तनात त्यांच्या पाठीशी झांजेला उभा राहत होता आणि बारा वर्षांत त्याचा हात चुकला नव्हता. कचेरीतला हेडकारकून असूनही हे एक काम त्यानं कुणाला सोडलं नव्हतं. बाकी वर्षभर कागद. हा एक दिवस देवाचा. जन्माला अजून अर्धी घटका होती. पाळणा झेंडूच्या माळांत झाकलेला होता, बायका त्याच्या दोरीकडं डोळे लावून बसल्या होत्या, आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत मंडळींना खेळवत ठेवायचं म्हणून बुवा एका शब्दाशी खेळत होते. "काळाच्या हाती वार दोन," ते म्हणाले होते, "एक पंचांगातला, एक तलवारीतला. सोमवारी एक वार, मंगळवारी दुसरा वार. सात वार सोसले की आठवडा संपला, आणि असे आठवडे सोसले की माणूस संपला. तिसरा वार कुणाला ठाऊक आहे का हो?" ही विचारण्याची रीत होती, उत्तर बुवांनाच द्यायचं होतं. पण खांबाशी पाय लांबवून बसलेली म्हातारी सगुणाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "तिसरी वार आमाला ठावं हाय, बुवा! ती पडल्याबिगर तुमचा राम सुटा हुयील व्हय?" आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग बुवांनी, खरे कलावंत ते, चिपळ्या छातीशी धरल्या आणि म्हातारीला वाकून नमस्कार केला. "चुकलो, माउली. पंचांगातला वार जोश्याचा, तलवारीतला वार शिपायाचा, आणि ही वार आईची. नऊ महिने पोराला पोसायचं आणि पोर जगात आलं की आपण मातीत जायचं. असा सेवक देवालासुद्धा चुकला नाही. म्हणून तर व्याकरणवाल्यानं बाकीचे वार पुरुष केले आणि हिला बाई केलं!"

मंडळी आता मनमोकळी हसली. रघुवीरचा हात चालत होता, कारण हात शहाणा होता. पण त्याच्या कानात कुणीतरी गार पाणी ओतल्यासारखं झालं. तो बुवांच्या मागं उभा, म्हणजे बायकांच्या समोर. शंभर तोंडं हसत होती. एकच हसत नव्हतं, ते त्याच्या बायकोचं, शैलजेचं. ती त्याच्याकडं पाहत होती. रागानं नाही. हिशेब सुटल्यावर मास्तर मुलाकडं पाहतो तशी. वार पडली. वार पुरी पडली. पुरी. म्हणजे सुइणीच्या वहीतली पुरी ती ही होती.

तीन दिवसांपूर्वी सुईण नोंदणी कचेरीत वह्यांची तपासणी झाली होती. दोन वर्षांपूर्वी हुकूम निघाला तेव्हापासून संस्थानातल्या प्रत्येक सुइणीला पितळी बिल्ला मिळत होता, नंबर घातलेला, आणि एक वही. बिल्ला नसलेल्या बाईनं बाळंतपणाला हात लावला तर गुन्हा. वहीचा नमुना पुण्याहून आला होता, पण त्यात चौथा रकाना रघुवीरनं स्वतःच्या डोक्यानं घातला होता. आईचं नाव, गाव, तारीख, आणि वार. साहेबांना त्यानं अभिमानानं सांगितलं होतं, "खेड्यातल्या बाईला तारीख येत नाही, साहेब. वार येतो. वार धरला की तारीख आपण पंचांगातून काढू." साहेब म्हणाले होते, शाबास. नियमांचं मराठीही त्याचंच होतं. पुस्तकी शब्द शोधून शोधून बसवलेलं. नववा नियम तर त्याला पाठ होता: 'अपरा पूर्ण बाहेर आली आहे किंवा नाही याची खात्री करून घ्यावी, व तशी नसल्यास रुग्णेस विनाविलंब दवाखान्यात रवाना करावे.' अपरा. हा शब्द त्यानं एका वैद्याच्या पोथीतून उचलला होता आणि उचलताना त्याला बरं वाटलं होतं. खोलीतलं, रक्तातलं, धुरातलं काहीतरी स्वच्छ धुऊन वाळत घातल्यासारखा शब्द. तोंडी परीक्षेत सुइणींना त्यानं विचारलं होतं, अपरा म्हणजे काय, आणि ओळीनं बसलेल्या पंधरा बाया गप्प राहिल्या होत्या. अडाणी, त्यानं मनात म्हटलं होतं. याच त्या हातांनी... आणि पुढचं त्यानं मनातही म्हटलं नव्हतं.

बाकी सुइणींच्या वह्या गावोगावच्या मास्तरांनी भरल्या होत्या. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, आपल्या मनानं, बुधवार, शुक्रवार, रविवार. वह्या कशा दिसायला सुरेख. हिर्डोशीच्या ठकुबाईची वही मात्र देवळाच्या रखमाजी गुरवानं लिहिली होती, आणि गुरव पोथी वाचणारा माणूस, जे ऐकेल तेच लिहिणारा. चौथ्या रकान्यात ओळीनं एकतीस वेळा 'पुरी' आणि एकदा, माघातल्या एका तारखेला, 'अर्धी'. त्या ओळीपुढं शेऱ्यात: 'डोलीतून भोरास नेली.' साहेबांनी वही डोळ्यांशी धरली. तपासणीला एरवी बसणारे डॉक्टर त्या दिवशी भाटघरला पटकीची लस टोचायला गेले होते. खोलीत साहेब, रघुवीर, दोन कारकून, दाराशी शिपाई. ठकुबाई उभी. काळी, उंच, पायांना वाटेची धूळ, कपाळावरचं आडवं कुंकू घामानं फिसकटलेलं.

"चौथ्या रकान्यात हे काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"वार."

"इथं तर पुरी लिहिलंय."

"व्हय. पुरी."

"सगळ्यांची पुरीच?"

"एक सोडली तर समद्यांची. देवाची किरपा."

तेव्हा रघुवीर म्हणाला, "साहेब, कचेरीनं वार विचारला, बाईंनी जेवणाचा बेत कळवलाय. पुढच्या साली भाजीचा रकाना घालू." साहेब खो खो हसले. कारकून हसले. दारातला शिपाई, ज्याला चार पोरं होती, तो हसला नव्हता, हे रघुवीरला आत्ता आठवलं. तो बाहेर पाहत राहिला होता.

"भाऊसाहेब," ठकुबाई त्याच्याकडं वळून म्हणाली, हळू, जणू त्याची लाज राखावी म्हणून, "तुमाला वार ठावं न्हाई?"

"सोमवार-मंगळवार तू मला शिकवणार?"

तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. बायकांच्यात बोलायची गोष्ट पुरुषांनी भरलेल्या खोलीत उकलून सांगायची की नाही, हे ती तोलत असावी; त्याला तेव्हा ते उर्मट बघणं वाटलं होतं. मग ती म्हणाली, "हसा. तुमच्या आयांच्या बी पुऱ्या पडल्या, म्हनून हितं खुर्च्यांवर बसून हसताय."

साहेब म्हणाले, "आयांवर जाते!" आणि पुढचं सगळं रघुवीरच्या वळणदार अक्षरात झालं. 'नोंदवही खोटी; रकाना थट्टेने भरलेला; वर्तन असभ्य. सबब नाव कमी करावे.' बिल्ला आणि वही जमा. हुकमावर काल सही झाली, उद्या टपालानं तो हिर्डोशीच्या पाटलाकडं जायचा होता. घरी येऊन त्यानं जेवताना ती पुरी-भाजीची गंमत शैलजेला सांगितली होती. ती वाढता वाढता थांबली होती. "तुम्ही असं म्हणालात? सगळ्यांसमोर?" एवढंच म्हणून ती आत गेली होती. त्याला वाटलं, हिला माझा सूर आवडला नाही. या घरात पाळणा हलला नव्हता, तेव्हा बाळंतपणाची थट्टा हिला टोचली असेल, असंही वाटून गेलं होतं. त्यानं ताक वरपलं होतं आणि हात धुतले होते. साबणानं.

बुवा आता कौसल्येच्या महालात शिरले होते. आवाज असा मऊ झाला होता की पाळण्याच्या माळांनाही धक्का लागू नये. रघुवीरला हा भाग सगळ्यांत आवडायचा. वर्षभर कोरडा पडलेला जीव या एका घटकेत ओला व्हायचा, डोळे भरून यायचे, आणि ते कुणी पाहिलं तरी चालायचं, कारण कीर्तनात रडणाऱ्या पुरुषाला कुणी हसत नाही. पण आज त्याला महाल दिसेना. दिसली मार्गासनीची ती खोली. वडील तिथं शाळेवर होते. खिडकीला गोणपाट लावलेलं, आत शेगडीचा धूर, आणि उंबऱ्याबाहेर तो, सात वर्षांचा, गुडघ्यांत मान घालून. आत बहीण झाली होती, ती रडत होती, म्हणजे झालं ना? पण बाया आतबाहेर करत होत्या, आणि एकीनं दुसरीला म्हटलं होतं, "वार ऱ्हायली गं." तिसऱ्या दिवशी आईला ताप चढला. पाचव्या दिवशी तिला बाहेर काढली. तो काकाला विचारत राहिला होता: कुठला वार राहिला? आईचा कुठला वार राहिला? काकानं शेवटी, पोर गप्प बसावं म्हणून, सांगितलं: मंगळवार. आई सोमवारी गेली होती, तेव्हा ते बरोबरच वाटलं. आईचा मंगळवार राहिला. एक दिवस राहिला, तो मिळाला असता तर ती उठून बसली असती. आणि सात वर्षांच्या त्या मुलानं मंगळवार धरला. तो आजतागायत सोडला नव्हता. तेहतीस वर्षं दर मंगळवारी तो उपास करत होता, विचारणाऱ्याला गणपतीचा म्हणून सांगत होता, आणि आत कुठंतरी एक दिवस फेडत होता. काका खोटं बोलला याचा त्याला राग येईना. राग येत होता तो वेगळाच. ज्या रकान्यासाठी साहेब शाबास म्हणाले, तो रकाना त्यानं खेड्यातल्या बायांच्या सोयीसाठी घातला नव्हता. तो त्यानं त्या उंबऱ्यावर बसून घातला होता. आणि त्याच रकान्यात, एकतीस घरांतून, एक काळी बाई त्याला सांगत होती की राहिली नाही. पुरी पडली. राहिली नाही. आणि एकदा राहिली, तेव्हा मी हात न घालता डोलीत घातली, तुझा अपरेचा नववा नियम न वाचता पाळला. आणि तो भाजी म्हणाला.

तोफेसारखा नगारा वाजला. जन्म झाला होता. गुलाल उडाला, पाळण्याची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली, सगुणाबाईनं मूठभर गुलाल बुवांच्याच पागोट्यावर टाकला. रघुवीर झांज वाजवत होता, सगळ्यांहून मोठ्यानं वाजवत होता. त्याच्या ओंजळीत कुणी सुंठवडा घातला. तो त्यानं तोंडात टाकला नाही. मूठ मिटून धरली.

चपला घालताना शैलजा शेजारी आली.

"अहो, ती हिर्डोशीची बाई अजून इथंच आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवंय? तीन दिवस तुमच्या कचेरीच्या पायरीवर बसलीय. अख्खं भोर बघतंय. काल मी भाकरी नेऊन दिली."

"माझ्या कचेरीत शिक्षा झालेल्या बाईला माझ्या घरची भाकरी?"

"हो."

"तुला त्या दिवशीच कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग तोंड का नाही उघडलंस?"

शैलजेनं पदरावरचा गुलाल झटकला. "तुम्ही इतके खूश होता," ती म्हणाली, आणि बायकांच्या घोळक्यात निघून गेली.

ऊन रस्त्यावर सांडलं होतं. कचेरीची किल्ली नेहमीप्रमाणं त्याच्या जानव्याला होती. चालताना तो स्वतःला सांगत होता की घाई करण्यासारखं काही नाही. कायदा चूक नाही. मार्गासनीच्या त्या सुइणीला कुणी बिल्ला विचारला असता, हात धुवायला लावले असते, तर आई जगली असती. तेवढ्यासाठी तर तो या कचेरीत आला. शंभर सुइणींत एक चुकून कमी झाली तर आभाळ कोसळत नाही. शिवाय ती बोलली होतीच आयांवर. सुट्टी आहे. उद्या पाहू. उद्या साहेबांपुढं काय सांगायचं? साहेब, आपण हसलो, कारण आपल्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. साहेबांना 'आपण' हा शब्द आवडणार नव्हता. हे सगळं तो अगदी नीट, कलमवार मांडत होता, आणि पाय मात्र नदीकडच्या गल्लीनं कचेरीकडंच चालले होते.

ती पायरीवर होती. त्याला पाहून उठली नाही.

"आज सुट्टी आहे," तो म्हणाला.

"ठावं हाय. जल्म झाला व्हय रामाचा?"

"झाला."

"बरं सुटली मंग." हे ती कौसल्येबद्दल म्हणाली की आणखी कशाबद्दल, त्याला कळेना. "माजा बिल्ला द्या, भाऊसाहेब. मला जायाचंय."

"तुझं नाव कमी झालंय. हुकूम निघालाय."

"भिमाची सून भरल्या दिवसांची हाय. आज हुयील न्हाईतर उद्या. गावात दुसरी कोन न्हाई. मी हात लावला तर गुन्हा, न्हाई लावला तर पाप. तुमी शिकल्यालं हाय. सांगा, कंचं करू?"

तिचा सूर विनवणीचा नव्हता. त्यामुळं त्याला चीड आली, आणि चीड आली म्हणून बरं वाटलं; चिडलेल्या माणसाला बोलायला सोपं जातं. "तू त्या दिवशी सरळ सांगितलं का नाहीस? वार म्हणजे हे, असं?"

"सांगितलं की. तुमी हासला."

"उकलून सांगायचं होतंस!"

"पाच बाप्यांच्या म्होरं? आन् सुइनीची कचेरी म्हनताय. म्या म्हनलं, येवढं तरी ठावं असंल." तिनं पायरीवर बोटानं एक रेघ ओढली आणि पुसली. "माज्या सासूनं मला पयलं ह्येच शिकवलं. पोराकडं मागनं बग. आदी ती हातावर पसरून बग, केळीच्या पानावानी, कुठं फाटलीय का. पोर रडतंय म्हून हरकू नको. तुमच्या वहीत त्योच रकाना बगितला तवा वाटलं, कुनीतरी जानता मानूस दिसतोय कचेरीत."

रघुवीरनं कुलूप काढलं. आत कागदांचा आणि डिंकाचा वास कोंडला होता. त्यानं खण उघडला. बिल्ला, वही, सही झालेला हुकूम. एका हातानं सगळं जमेना, तेव्हा त्याला कळलं की दुसरी मूठ अजून मिटलेली आहे. "पुढच्या वर्षी रकान्याचं नाव बदलू," तो पाठमोराच म्हणाला. "वार काढून टाकू. दिवस लिहू."

"दिवस?" ती दारात येऊन उभी राहिली होती. "मंग तितं दिवस भरलं व्हतं का न्हाई त्ये सांगू?"

त्याला हसू यायला हवं होतं. त्यानं बिल्ला टेबलावर आपटला. "घे आणि जा. नियमाविरुद्ध देतोय. उद्या साहेबांनी परत मागितला तर पाटलाकरवी जप्त होईल."

तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "हात बघा की तुमचं. समदा गुलाल. बाळातीनीच्या घरात न्यायाचाय मला त्यो." हा त्याचाच नियम होता, पहिला. तो कोपऱ्यातल्या घागरीकडं गेला. सुंठवड्याची मूठ कुठं रिकामी करावी हे त्याला सुचेना, तेव्हा तीच म्हणाली, "हिकडं द्या त्यो. भिमाच्या सुनंला लागंल." पदराच्या टोकाला तिनं तो बांधला, गाठ दातानं घट्ट केली. त्यानं हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, जसं सुइणींना शिकवायला सांगितलं होतं तसं. मग बिल्लाही धुतला. तिनं तो घेऊन चोळीला लावला. वही तिनं मागितली नाही. ती पायऱ्या उतरली तेव्हा त्यानं विचारलं, का विचारलं हे त्यालाही ठाऊक नाही, "ती माघातली... अर्धी. ती बाई?"

"साळूबाई. हाय की. परवा भात कांडत व्हती." ती थांबली, वळली. त्याच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिची नजर मऊ झाली नाही, पण जराशी बारीक झाली, सुइणीची झाली. "तुमच्यात कुनाची ऱ्हायली व्हती?"

त्यानं दार ओढून घेतलं. तिच्या पावलांचा आवाज नदीच्या बाजूनं गेला. तिचा त्याला अजून रागच येत होता. तिनं विचारलं म्हणून, ती जिवंत साळूबाई इतक्या सहज सांगून गेली म्हणून, मार्गासनीला त्या दिवशी ती नव्हती म्हणून. हुकूम त्यानं समोर घेतला. साहेबांच्या सहीखाली बोटभर कोरी जागा होती. टाक बुडवला. साहेब उद्या अकराला येतील, हा कागद त्यांच्या टेबलावर सगळ्यांत वर असेल. आधीचा अहवाल चुकीचा होता, वही खरी आहे, बाईनं नववा नियम बिनचूक पाळला आहे, सबब हुकूम रद्द व्हावा, हे त्यानं एका दमात लिहिलं. मग कारण लिहायचं राहिलं. कारणाशिवाय कागद पुढं सरकत नाही, हे त्यानंच कितीदा दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्यानं लिहिलं: 'अहवाल लिहिणारास वार समजला नाही.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. बाहेर पाळण्याची मंडळी गात परतत होती. मग त्यानं 'समजला'तल्या 'ला'चा काना चाकूच्या टोकानं खरवडला, कागद फाटू नये अशा बेतानं, आणि तिथं वेलांटी काढली.